शीआनच्या पंक्तीस

परदेशांत भाषा येत नसली तर खुणांनीं निभावतां येतें; रस्ता चुकला तर कोणी तरी वाट दाखवितो. परंतु दिवसांतून दोन वेळां जो पोटाचा प्रश्न उभा राहतो, तो इतक्या सहजासहजीं सुटत नाहीं. त्यांतून चातुर्मासांत कांदा-लसूणही वर्ज्य मानणाऱ्या घरांतील, साठी उलटलेला मनुष्य चीन देशांत जाणार असें कळल्यावर आप्तेष्टांनीं 'तेथें तुम्ही खाणार काय?' असें विचारावें, यांत नवल नाहीं. त्या प्रश्नाचें उत्तर सहा आठवड्यांच्या वास्तव्यानंतर आम्हांस देतां येतें, म्हणून हा लेख.

आमचा पुतण्या शीआन शहरांतील एका विद्यापीठांत संशोधन करतो. त्याच्या आग्रहावरून सन २०२४ च्या आश्विनांत आम्ही उभयतां हाँगकाँगमार्गें तेथें गेलों. शीआन म्हणजे प्राचीन छांगआन, थांग राजांची राजधानी. ह्युएनत्संग इ. स. ६२९ त येथूनच निघाला, पुलकेशीच्या महाराष्ट्रापर्यंत येऊन गेला, आणि ६४५ त ६५७ ग्रंथ घेऊन परतला. त्या ग्रंथांसाठीं ६५२ त येथें मनोरा उभारण्यांत आला; पुढें त्याची पुनर्बांधणी झाली, आणि आजचा सात मजली मनोरा सुमारें ६४ मीटर उंच आहे. जन्मभर संस्कृत शिकविलेल्या मनुष्यास ही तीर्थयात्राच होती.

परकीय मनुष्य खासगी घरीं उतरल्यास चोवीस तासांच्या आंत पोलीसठाण्यांत नोंद करावी लागते; तें काम पहिल्याच दिवशीं उरकलें. जुन्या शहराभोंवतीं मिंग राजांचा चौदाव्या शतकांतील तट आहे. त्याचा घेर सुमारें १३.७ किलोमीटर. सकाळीं तटाच्या पायथ्याशीं वृद्ध स्त्रीपुरुष संथ हालचालींचा व्यायाम करीत. आम्हीही त्यांच्यामागें उभे राहूं लागलों. बाजारांत नोट क्वचितच दिसे. भाजीवालीदेखील मोबाइलवरूनच पैसे घेई. पाण्याची रीत मात्र आम्हांस फार आवडली. घरीं, कचेरींत, आगगाडींत, सर्वत्र उकळतें पाणी मिळतें, आणि थंड पाणी प्रकृतीस वाईट, अशी जुन्या माणसांची श्रद्धा आहे. आमच्या आजोबांचें त्यांच्याशीं चांगलेंच जमलें असतें. ओळखीचा मनुष्य भेटला कीं, 'छ् ल मा?' म्हणजे 'जेवलात का?' असें जुनीं माणसें अजून विचारतात. आपल्याकडचाच प्रश्न कानीं पडल्यामुळें आमचें परकेपण निम्में नाहींसें झालें.

हा प्रांत गव्हाचा. पट्ट्याएवढ्या रुंद शेवयांवर तिखटाची पूड घालून वरून कढत तेल ओततात, त्यांस 'ब्यांगब्यांग' म्हणतात. हा शब्द लिहिण्याचें चिनी अक्षर पन्नासांहून अधिक रेघांचें आहे. 'कार्त्स्न्य' लिहितांना कुरकुरणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना तें दाखवावयास हवें होतें. पिठाचें सत्त्व वाफवून केलेल्या थंड पट्ट्या शिरका व तिखट तेल घालून खातात, त्याही रुचकर. कोंकणांतल्या तिरफळाची एक जातबहीण तेथील मसाल्यांत असते. तिनें जीभ बधिर होते.

पण 'मांस नको' असें सांगितलें कीं, खाणावळवाला मान हलवी आणि घेवड्याच्या शेंगांवर डुकराचा खिमा भुरभुरून आणी. त्याच्या मतें तें मांस नव्हे, केवळ चव! शेवयांखालचा रस्साही पुष्कळदां हाडांचाच असे. तेव्हां पुतण्यानें सांगितलें, "काका, 'मांस नको' म्हणूं नका, 'वो छ् सू', म्हणजे 'मी सू खातों', असें म्हणा." 'सू' म्हणजे मांसविरहित, व्रतस्थाचें अन्न. हा शब्द उच्चारतांच खाणावळवाला गंभीर होई आणि काय चालेल, काय चालणार नाहीं, हें आपण होऊन विचारी.

या 'सू'स महायान बौद्ध ग्रंथांचा आधार आहे. लिआंग वंशाच्या वू राजानें (राज्यकाल ५०२ ते ५४९) भिक्षूंस मद्यमांस सोडावयास लाविलें, आणि ती रीत चिनी विहारांत अद्यापि चालू आहे. एका विहाराजवळच्या 'सू' भोजनगृहांत आम्ही गेलों, तों गव्हाच्या सत्त्वाचें व सोयाबीनचें केलेलें हुबेहूब 'बदक' समोर आलें. आमच्या सौ.नीं तें पाहून खुर्चीच मागें सरकविली. त्या व्रतांत पांच उग्र पदार्थ वर्ज्य आहेत: लसूण, कांद्याच्या जातीच्या तीन भाज्या, आणि पांचवा हिंग! त्याचें 'शिंगछ्यू' हें चिनी नांव आपल्या 'हिंगु'वरूनच आलेलें आहे. आम्ही कांदा सोडतों त्या दिवशीं हिंगाच्या फोडणीवर भागवितों, तर तेथील व्रती हिंगासच बाहेर ठेवतो. सौ.नीं बरोबर नेलेली हिंगाची डबी त्या दिवशीं पिशवीच्या तळाशीं गेली.

खरी कसोटी पुढेंच होती. पुतण्याच्या एका सहकाऱ्यानें आम्हांस घरीं जेवावयास बोलाविलें. पदार्थ सर्व 'सू' होते. यजमानांनीं त्यासाठीं कढईदेखील नवी आणली होती. पण वाटोळ्या टेबलावर मध्यें पदार्थ ठेवलेले, आणि ज्यानें त्यानें आपल्या काड्यांनीं त्यांतून उचलावें अशी तेथील चाल. ज्या काड्या तोंडांत गेल्या, त्याच पुन्हां पात्रांत! शिवाय आपल्या काड्यांनीं उत्तम घास उचलून पाहुण्याच्या वाटींत ठेवणें, हा तेथें आदर समजतात. या सर्वांस आपल्याकडे एकच शब्द आहे: उष्टें. पुतण्यानें आमची रीत हळूच सांगितली. यजमानीणबाई रागावल्या नाहींत. सन २०२० च्या साथीनंतर वाढण्याच्या काड्या निराळ्या ठेवाव्या, असा तेथें सरकारी प्रचार झाला होता. तशा काड्या त्यांनीं प्रत्येक पात्रापाशीं आणून ठेवल्या.

या नगरास ही गोष्ट नवी नाहीं. इत्सिंग हा भिक्षु ६७१ त समुद्रमार्गें भारताकडे निघाला. परतल्यावर छांगआनमधील ज्या विहारांत त्यानें भाषांतरें केलीं, तेथील लहान मनोरा अद्यापि उभा आहे. १५५६ च्या भूकंपानंतर त्याच्या पंधरा मजल्यांपैकीं तेरा उरले. भारतांत एक घास घेतला कीं अन्न उष्टें मानतात, आणि इतर देशांहून भारताचें वेगळेपण प्रथम येथेंच दिसतें, असें त्यानें आपल्या वृत्तांतांत नमूद केलें आहे. तेराशें वर्षांनंतर आम्ही त्याच्याच गांवीं तोच नियम घेऊन जेवावयास बसलों होतों.

निघण्यापूर्वीं त्या घरचें पुन्हां बोलावणें आलें. यजमानांच्या मातोश्री, वय ऐंशीच्या पुढें, आमच्या शेजारीं बसल्या होत्या. वाढण्याच्या काड्या होत्या, पण आजीबाईंना त्याचें भान राहिलें नाहीं. सोयाबीनच्या दुधाची एक मऊ वडी आपल्याच काड्यांनीं उचलून त्यांनीं आमच्या वाटींत ठेविली आणि खाण्याची खूण केली. यजमानीणबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. पुतण्या म्हणाला, "काका, वाटी बदलून देतों." क्षणभर आम्ही थांबलों. लहानपणीं आमची आजी आपल्या पानांतला दहींभात आम्हांस भरवीत असे; त्यास सोंवळ्याच्या त्या घरांतही कोणी उष्टें म्हटलें नाहीं. शबरीच्या उष्ट्या बोरांची कथा वाल्मीकीच्या रामायणांत नाहीं. तरी लोकांनीं ती इतकीं वर्षें जपली आहे. आम्हीं ती वडी खाल्ली. आजीबाई समाधानानें हंसल्या, आणि दुसरी उचलूं लागल्या!

मांस न खाण्याचा आमचा नियम सहा आठवड्यांत मोडला नाहीं. उष्ट्याचा नियमही आम्ही येथें घरीं पूर्ववत् पाळतों. मात्र त्याहून वडीलधाऱ्यांची माया मोठी, असें आमचें मत झालें आहे. हें ऐकून आमच्या वडील भगिनींनीं नाक मुरडलें, आणि तो वाद अद्यापि मिटलेला नाहीं.

वाचकांपैकीं कोणास तिकडे जाण्याचा योग आल्यास मेतकूट व भाजलेले पोहे बरोबर न्यावे. 'वो छ् सू' हे तीन शब्द पाठ करावे. आणि भातांत काड्या उभ्या रोवूं नयेत, कारण तेथें तें मृतांसाठीं लावलेल्या उदबत्त्यांसारखें अशुभ दिसतें. सकाळीं गल्लींत मोठ्या भांड्यांतून चिकट तांदूळ, घेवड्याचे दाणे व लाल बोरें एकत्र वाफवून केलेला गोड पदार्थ विकतात. तो गरम असतांनाच, निःशंक मनानें खावा.