वाकडे बाण



मागच्या आठवड्यात एका पालकांनी मुलीची वही दाखवून विचारलं, "बाई, सूर्यातून निघणारे हे बाण असे गिरगटलेले का?" त्यांचं उत्तर इथेच देते.

चूक आधी माझीच होती. आदित्य एल-१ बद्दल सांगताना मी चौथीच्या वर्गात फळ्यावर सूर्य काढला, सरळ बाण ओढले आणि म्हणाले, "हा सौरवारा. सूर्याचे विद्युतभारित कण सेकंदाला ३०० ते ८०० किलोमीटर वेगाने येतात. वाटेत अडथळा नाही, म्हणून शांत, सरळ." वेग बरोबर होता, पण शांत-सरळ साफ चूक! घरी वाचल्यावर कळलं, सौरवारा कायम खळबळलेला असतो.

दुसऱ्या दिवशी बाण पुसले. काचेच्या भांड्यात पाणी घेतलं, वर चिमूटभर हळद भुरभुरवली आणि चमचा फिरवला. तुम्हीही करून बघा. मोठा भोवरा फुटून लहान होतात, त्यांचे आणखी लहान, मग सगळं थांबतं. ढवळण्याची ऊर्जा जाते कुठे? उष्णतेत. इतकी थोडी, की बोटाला कळतही नाही.

पण पाण्याचा दाखला इथवरच. पाण्याचे कण सतत एकमेकांवर आदळतात. सौरवाऱ्यात पृथ्वीजवळ एका घन सेंटीमीटरमध्ये जेमतेम पाच-दहा कण, टक्कर क्वचितच. तिथे त्यांना एकमेकांशी जोडून ठेवतं ते चुंबकीय क्षेत्र. त्यावरून धावणाऱ्या लाटा एकमेकींत गुंततात, मोठ्यांच्या लहान होत जातात आणि शेवटी ऊर्जा कणांना मिळून ते तापतात. म्हणून तर सौरवारा पसरताना जितका थंड व्हायला हवा तितका होत नाही. ही शेवटची पायरी नेमकी कशी घडते, यावर शास्त्रज्ञांचा अजून वाद आहे. (मुलांना हे ऐकून फार आनंद झाला!)

"मग तिकडे चमचा कोण फिरवतं?" त्याच मुलीने विचारलं. सूर्यच. त्याचा पृष्ठभाग उकळत्या भातासारखा खदखदतो आणि त्यात रुतलेल्या चुंबकीय रेषा हलत राहतात. २०१८ मध्ये निघालेल्या पार्कर यानाला सूर्याजवळ या रेषा जागोजागी चक्क उलट्या वळलेल्या दिसल्या.

ते वहीतले बाण तिने त्यानंतर काढलेत. मी खाली 'छान' लिहिलंय, ते राहू द्या.