आधी लिहून ठेवा

मानसशास्त्राच्या पुस्तकात ‘संशोधन पद्धती’ नावाचं एक प्रकरण असतं. एफ.वाय.ला ते अगदी सुरुवातीला येतं आणि निम्मा वर्ग ॲडमिशनच्या रांगेत असतानाच शिकवून संपतं. निरीक्षण, मुलाखत, सर्वेक्षण, व्यक्ती-अभ्यास, सहसंबंध, प्रयोग. प्रत्येकाचे गुण चार, दोष चार, टीपा लिहा. मी वर्षानुवर्षं हे प्रकरण असंच उरकत आलो. त्यामागचं मत मी कधी लपवलंही नाही, स्टाफरूममध्ये मोठ्यानं बोलून दाखवायचो: पद्धती म्हणजे स्वयंपाकघरातला पसारा, पाहुण्यांना ताट वाढावं. ताटात पाव्हलॉव्हचा कुत्रा, मिलग्रॅमचं विजेच्या धक्क्यांचं यंत्र, झिम्बार्डोचा तुरुंग आणि माझं सगळ्यांत लाडकं, वॉल्टर मिशेलचं मार्शमॅलो.

आता माझं मत याच्या बरोबर उलट आहे. विद्यार्थ्यानं आमच्या विषयातलं एकच काहीतरी घेऊन जायचं ठरवलं, तर ते पद्धतींचं प्रकरण असावं आणि बाकीचं राहिलं तरी चालेल, असं मी हल्ली म्हणतो. सहकारी हसतात. त्यांचं बरोबर आहे, मीच त्यांना वेगळं सांगत आलो होतो.

मत एका दिवसात बदललं नाही, पण सुरुवात मार्शमॅलोपासून झाली एवढं नक्की. ही गोष्ट पालकसभेत हमखास चालते. चार-पाच वर्षांचं मूल खोलीत एकटं, समोर गोड खाऊ. बाई सांगून जातात, ‘मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. नाहीच राहवलं तर घंटा वाजव, मग एक मिळेल.’ जी मुलं थांबली ती पुढे अभ्यासात हुशार निघाली, आयुष्यात पुढे गेली. मी मार्शमॅलोच्या जागी पेढा ठेवायचो. सभेत कुजबुज व्हायची, आया एकमेकींकडे बघायच्या. घरी जाऊन त्या रात्री किती मुलांची परीक्षा झाली असेल, देव जाणे. डॅनियल गोलमन यांच्या भावनिक बुद्धिमत्तेवरच्या १९९५ च्या पुस्तकानंतर ही गोष्ट जगभर गेली. माझ्यापर्यंतही ती तशीच, पुस्तकातून पुस्तकात आली होती.

मग एका वर्षी एम.ए.ला पद्धतींचा पेपर माझ्या गळ्यात पडला, कारण तो दुसऱ्या कुणालाच नको होता. शिकवायचाच आहे तर मूळ शोधनिबंध वाचावेत म्हणून बसलो.

मिशेल आणि एबे एबेसन यांचा निबंध १९७० चा. जागा स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातली बिंग नर्सरी स्कूल, मुलं ३२. बशीत बिस्किटं आणि प्रेट्झेल, मार्शमॅलो नंतरच्या प्रयोगांत आलं. कोणतं मूल निग्रही आणि कोणतं अधीर, हे शोधायचं असं या प्रयोगात काही नव्हतंच. मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी वेगवेगळ्या गटांत वाटली होती. काहींच्या समोर दोन्ही खाऊ उघडे, काहींच्या समोर एकच, काहींच्या समोर काहीच नाही. जास्तीत जास्त वेळ पंधरा मिनिटांचा. खाऊ नजरेआड असलेली मुलं सरासरी ११ मिनिटांहून जास्त थांबली. दोन्ही खाऊ समोर असलेली जेमतेम एक मिनिट. म्हणजे मुलं तशीच, वय तेच, आणि थांबण्यातला फरक दहापट, तोही निव्वळ खाऊ दिसतो की नाही यावर. यातून पालकांना सांगण्यासारखं काही असेल तर ते ‘बशी झाका’ एवढंच. मी मात्र इतकी वर्षं ‘मूल तपासा’ असं सांगत होतो.

मग ‘पुढे हुशार निघाली’ हे कुठून आलं? मिशेल यांच्या मुली त्याच नर्सरीत होत्या. त्यांच्या तोंडून वर्गमित्रांच्या बातम्या कानावर पडायच्या आणि त्यातून मिशेल यांना कुतूहल वाटलं की या मुलांचं पुढे काय झालं असेल. जुन्या यादीत ६५३ मुलं होती. १९९० मध्ये शोडा, मिशेल आणि पीक यांचा जो निबंध आला, त्यासाठी १८५ जणांच्या पालकांची उत्तरं हाती आली. कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेचे गुण मिळाले ९४ जणांचे. आणि ज्या विशिष्ट मांडणीत, म्हणजे खाऊ समोर उघडा आणि मन कुठे गुंतवायचं याची काहीही सूचना नाही, थांबणं आणि गुण यांचा संबंध दिसला, त्या मांडणीतली मुलं होती ३५.

पस्तीस! आमच्या एका तुकडीत याहून जास्त मुलं बसतात. तीही बहुतांशी एकाच विद्यापीठातल्या प्राध्यापकांची आणि विद्यार्थ्यांची. सहसंबंध चांगले दणकट होते, गणिताच्या गुणांशी ०.५७, भाषेच्या गुणांशी ०.४२, पण नमुना लहान असला की आकडा असाच उड्या मारतो. लेखकांनी तसा सावधगिरीचा इशारा त्याच निबंधात देऊन ठेवलाय. तो इशारा वाटेत गळाला आणि गोष्ट तेवढी पुढे आली. गाळणाऱ्यांत माझ्यासारखे शिकवणारे होते, कारण इशारा पद्धतींच्या भागात असतो आणि तो भाग आम्ही उरकतो.

२०१८ मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी ९१८ मुलांची माहिती घेऊन हाच संबंध पुन्हा तपासला. आईचं कॉलेजशिक्षण पूर्ण न झालेल्या घरांतल्या मुलांवर त्यांचा मुख्य भर होता. संबंध दिसला, पण मूळच्या साधारण निम्माच. आणि घरची परिस्थिती, लहानपणची बौद्धिक कुवत वगैरे हिशोबात धरल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश विरघळला. शिवाय २०२० मध्ये बिंगच्याच जुन्या मुलांपैकी ११३ जणांचा चाळिशीनंतरचा पैसाअडका आणि बालपणीचं थांबणं यांचा मेळ घालून पाहिला, तर नुसत्या त्या बालपणीच्या मिनिटांवरून काही सांगता आलं नाही. कसं विश्लेषण करायचं हे या अभ्यासात आधीच जाहीर करून ठेवलं होतं. लेखकांत मिशेल यांचंही नाव आहे. निबंध छापून आला तोवर ते गेलेले होते. स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या गोष्टीची परीक्षा घ्यायला ते स्वतः बसले, याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी पूर्वीपेक्षा जास्त आदर आहे.

इथे कुणी म्हणेल, एक प्रयोग ढासळला म्हणून एवढं कशाला? तर मार्शमॅलोनं मला कोड्यात टाकलं होतं, पण मत पूर्ण फिरवलं ते २०११ च्या एका खोडकर निबंधानं. सिमन्स, नेल्सन आणि सायमनसन हे तिघे त्याचे लेखक. त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना गाणी ऐकवली. काहींना बीटल्सचं ‘व्हेन आय ॲम सिक्स्टी फोर’, काहींना ‘कलिंबा’ नावाची धून. नंतर जन्मतारीख विचारली. बीटल्स ऐकलेली मुलं दीड वर्षानं लहान निघाली! लहान झाल्यासारखं वाटलं, असं नव्हे, जन्मतारखेनुसार लहान. आकडेशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीवर निष्कर्ष पास. आकडा एकही खोटा नव्हता.

मग त्यांनी पडद्यामागचं सगळं सांगितलं. विद्यार्थ्यांना खूप काही विचारलं होतं: आईचं वय, वडिलांचं वय, शंभराचं वर्गमूळ, राजकीय कल, संगणक हे गुंतागुंतीचं यंत्र आहे हे पटतं का. तिसरं एक गाणंही होतं, ते निबंधात येऊच दिलं नाही. किती जण घ्यायचे हे आधी ठरवलं नव्हतं. थोडे झाले की हिशोब करून बघायचा, जमलं नाही तर आणखी बोलवायचे. आणि वडिलांचं वय हिशोबात घेतलं की दीड वर्षाचा फरक उगवतो, न घेतल्यास काही नाही. यातली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर साधी वाटते. प्रामाणिक माणूसही ‘चला, हे घेऊन बघू’ असं म्हणत रोज करतो. अशा चार मोकळिकी एकत्र आल्या, तर जिथे काहीच नाही तिथे काहीतरी सापडण्याची शक्यता नेहमीच्या ५ टक्क्यांवरून ६१ टक्क्यांवर जाते, हे त्यांनी गणित मांडून दाखवलं.

माझी समजूत अशी होती की विज्ञानात घोटाळा म्हणजे लबाडी, आणि लबाड माणसं थोडी असतात. मन मोकळं ठेवून माहितीकडे बघत राहणाऱ्या सज्जन माणसाकडूनही हेच होतं, हे मला कधी सुचलंच नव्हतं. २०१५ मध्ये ब्रायन नोसेक यांच्या पुढाकारानं शंभर जुने अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा मूळ अभ्यासांपैकी जवळजवळ सगळ्यांचे निष्कर्ष लक्षणीय होते. पुन्हा तसे आले ३६ टक्क्यांचे. ती बातमी खूप गाजली. मला तोपर्यंत तिचं आश्चर्य राहिलं नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण शोधताना मला एक जुनी बातमी आठवली. तिच्याकडे मी तेव्हा अंधश्रद्धा निर्मूलनाचा कार्यक्रम म्हणून पाहिलं होतं आणि पान उलटलं होतं. २००८ च्या सुमाराला पुण्यात जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. दोनशे मुलांच्या कुंडल्या, शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस, सरमिसळ करून; कोणती कुठल्या गटातली एवढंच सांगायचं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नासच्या आसपास आली असती.

निकालापेक्षा मला आता त्या चाचणीची बांधणी बघत बसावंसं वाटतं. उत्तर बरोबर की चूक, याला पळवाट नाही. ‘बुद्धी तल्लख, पण आळसाचा योग’ असलं सोयीचं वाक्य लिहायला जागाच नाही. मूल समोर नाही, म्हणजे चेहरा बघून अंदाज बांधणं बंद. आणि यश कशाला म्हणायचं, हे उत्तरं तपासण्यापूर्वी ठरलेलं. मानसशास्त्राचा पाठ म्हणून मी हल्ली हाच शिकवतो. मुलं ज्योतिषावर वाद घालायला उठतात, मी त्यांना बांधणीवर आणतो. तासाभरात नियंत्रित गट आणि अंधचाचणी या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात अशा बसतात की टीपा लिहून कधी बसल्या नव्हत्या.

एका बाबतीत मात्र मी पूर्ण पलीकडच्या बाजूला गेलेलो नाही. नव्या दमाची काही मंडळी आकडे आणि पूर्वनोंदणी (विश्लेषण कसं करायचं हे आधीच जाहीर करणं) एवढ्यालाच मानसशास्त्र समजतात, ते मला पटत नाही. सेलेस्ट किड या संशोधिकेनं विद्यार्थिदशेत कॅलिफोर्नियात बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात काम केलं होतं. तिथली मुलं बघून तिला वाटलं, यांना खाऊ दिला तर ती लगेच खातील आणि तेच शहाणपणाचं ठरेल. जिथे उद्याचा भरवसा नाही तिथे थांबायचं कशाला? त्यावरून बेतलेला तिचा आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा प्रयोग २८ मुलांचा. निम्म्या मुलांना मोठ्यांनी आधी चांगले रंगखडू आणून देतो सांगून खरंच आणून दिले, निम्म्यांना ‘सॉरी, नाहीत’ म्हटलं, स्टिकरचंही तेच. मग मार्शमॅलो. शब्द पाळलेल्या मोठ्यांसमोरची मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, शब्द मोडलेल्यांसमोरची ३. नमुना छोटाच, त्यावर माझी तक्रार आहेच. पण हा प्रश्न कुठल्याही आकड्यातून निघाला नसता. तो निवाऱ्यात मुलांच्या शेजारी बसून सुचलेला आहे.

आमच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलांची तऱ्हा सगळ्या मानसशास्त्रवाल्यांना ठाऊक आहे. प्रयोज्य, म्हणजे जिच्यावर प्रयोग करायचा ती, मैत्रीणच; आकडे सीनियरच्या जर्नलमधून, निष्कर्ष पुस्तकाप्रमाणे. निष्कर्ष पुस्तकाप्रमाणे आला की सही. आता मी एक पान वाढवलंय: प्रयोगाआधी आपला अंदाज, किती प्रयोज्य घेणार, कुणाला वगळणार हे शाईनं लिहायचं, तारीख टाकायची, माझी सही घ्यायची आणि मग स्टॉपवॉच हातात घ्यायचं. मुलं कुरकुरतात, कारण यात आकडे उतरवून घ्यायची सोय उरत नाही.

मागे एका मुलीनं कानात गाणी लावून निरर्थक अक्षरगट पाठ करण्याचा प्रयोग केला. गाण्यांमुळे कमी आठवेल, असा अंदाज तिनं लिहून ठेवला होता. निम्म्या प्रयोज्यांना आधी गाणी आणि मग शांतता, निम्म्यांना उलट, हा क्रमही नीट सांभाळला होता. आलं उलटंच, गाण्यांसह थोडं जास्त आठवलं. तिनं तसंच्या तसं लिहिलं. परीक्षेला आलेल्या एक्स्टर्नल सरांनी विचारलं, ‘रिझल्ट चुकला कसा?’ ती म्हणाली, ‘सर, चुकला नाही, तसाच आलाय. आधीचं पान बघा ना.’ त्यांनी पान उलटलं, तारीख पाहिली, ‘नमुना लहान’ असा शेरा मारला आणि दोन गुण कापले. शेरा बरोबर होता. गुणांसाठी मी अजून भांडतोय.