ईशा-अनुसरण

बागबाजार हा उत्तर कोलकात्यातील गंगेकाठचा जुना भाग. तेथील रामकांत बोस रस्त्यावरचे ५७ क्रमांकाचे घर बलराम बोस या वैष्णव गृहस्थांचे. घरात जगन्नाथाची पूजा होती. रथयात्रेला लहानसा रथ घरातच ओढला जाई आणि रामकृष्ण परमहंस त्या उत्सवाला येत. १८८६ मध्ये ते निवर्तल्यावर त्यांचे तरुण शिष्य बराहनगरच्या पडक्या वास्तूत राहू लागले; परंतु अडीअडचणीला त्यांना आसरा होता तो बागबाजारच्या या घराचा. नरेंद्रनाथ दत्तांची, म्हणजे पुढील विवेकानंदांची, १८८९-९० मधील काही पत्रे बागबाजारहून लिहिलेली आहेत. १ मे १८९७ रोजी रामकृष्ण मिशनची स्थापना याच घरात झाली, हे सर्वश्रुत आहे. त्या आधीच्या, बराहनगर-बागबाजार अशा ये-जा करण्याच्या दिवसांतील एका लहानशा लेखनाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते.

१८८९ साली ‘साहित्य-कल्पद्रुम’ या बंगाली मासिकात नरेंद्रनाथांनी टॉमस ए केम्पिस या पंधराव्या शतकातील कॅथलिक मठवासीच्या ‘इमिटेशन ऑफ ख्राइस्ट’चे भाषांतर ‘ईशा-अनुसरण’ या नावाने देण्यास आरंभ केला. ग्रंथ ख्रिस्ती, भाषांतरकार संन्यासी, वाचक बंगाली हिंदू. आक्षेप येणार हे त्यांनी आधीच ओळखले होते. प्रस्तावनेत त्यांनी आधार घेतला तो भारतीय दर्शनांतील आप्तवाक्याच्या प्रामाण्याचा. ज्याने सत्य साक्षात पाहिले त्याचा शब्द प्रमाण. असा पुरुष आर्य असेल तसा म्लेच्छही असेल. न्यायसूत्रांवरील वात्स्यायनभाष्यातही आप्ताचे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना समानच मानले आहे. उदारमतवादाची शपथ न घेता, घरच्याच शास्त्राने परक्या ग्रंथाला दार उघडून देण्याची ही रीत विलक्षण होती. त्याच प्रस्तावनेत मिशनऱ्यांवर बोचरी टीकाही आहे. उद्याची चिंता करू नका असे सांगणाऱ्या, डोके टेकायला जागा नसलेल्या गुरूचे हे अनुयायी पुढील वर्षांचे अंदाजपत्रक मांडत बसतात, असा तिचा रोख. मत्तयाच्या शुभवर्तमानातील त्या वचनांचा इतका रोखठोक अर्थ उपवास काढणाऱ्या संन्याशालाच सुचावा!

पण खरे चिंतन आहे ते तळटीपांत. मूळ ग्रंथाचा आरंभच योहानाच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायातील बाराव्या वचनाने होतो: ख्रिस्तामागून चालणाऱ्याला अंधारात चालावे लागत नाही, अशा आशयाचे ते वचन. त्याखाली नरेंद्रनाथांनी गीतेच्या सातव्या अध्यायातील चौदावा श्लोक दिला. भगवंताला शरण जाणारेच दुस्तर माया तरून जातात, हा त्याचा भाव. दोन्हींची प्रतिमासृष्टी निराळी आहे. एकीकडे रात्र, वाट आणि पुढे चालणारा प्रकाश. दुसरीकडे ओलांडण्यास कठीण असा ओघ. एकाला भय वाट चुकण्याचे, दुसऱ्याला वाहून जाण्याचे. टीप हे दोन्ही एकच आहेत असे म्हणत नाही. ती केवळ एकाशेजारी दुसरे ठेवते आणि थांबते. पुढे ‘मान्ना’ हा शब्द येतो तेव्हा इस्राएली लोकांना अरण्यात मिळालेल्या अन्नाची कथा ती सरळ सांगते. तेथे समांतर श्लोक शोधण्याचा अट्टहास नाही.

भाषांतर सहाव्या प्रकरणाशी थांबले. ग्रंथाचे भाग चार, पहिल्याच भागाची प्रकरणे पंचवीस. वैराग्य, नम्रता, आत्मपरीक्षण हे पहिल्या भागाचे विषय कोणत्याही मठात परके वाटणार नाहीत. चौथा भाग मात्र सर्वस्वी ख्रिस्तप्रसादाविषयीचा. भाकर आणि द्राक्षारस यांत ख्रिस्ताची प्रत्यक्ष उपस्थिती मानणाऱ्या श्रद्धेचा. गीतेच्या श्लोकाची खरी कसोटी तेथे लागली असती. जगन्नाथाच्या महाप्रसादाची आठवण त्या घरात कोणालाही झाली असती, पण तिने किती अंतर कापले असते, हा प्रश्न उरतोच.

१८९० च्या जुलैमध्ये नरेंद्रनाथ भ्रमणाला निघाले. परिव्राजक अवस्थेत त्यांच्या झोळीत गीता आणि हाच ग्रंथ असे. १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये बेळगावहून गोव्यात गेल्यावर राशोलच्या सेमिनरीत ख्रिस्ती धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचत ते काही दिवस राहिले, असे चरित्रकार सांगतात. राशोल म्हटले की मराठी वाचकाला आठवतात ते फादर स्टीफन्स. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ तेथेच १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. बायबलची कथा सांगणाऱ्या जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्या, आणि स्वर्गाला शब्द वैकुंठ! परंतु ज्यांच्यासाठी ते पुराण रचले, त्या साष्टीतील नवख्रिस्ती श्रोत्यांना आपली जुनी पुराणे वाचण्याची मुभा राहिली नव्हती. ती गेल्यामुळेच त्यांना नवे हवे होते. ओवी त्यांच्या ओळखीची होती, पण तिच्याशेजारी ठेवण्यासाठी हाती दुसरी पोथी नव्हती. बंगालमधील टीपकारासमोर दोन्ही ग्रंथ उघडे होते.