वडगावच्या हायस्कुलात एक सकाळ

बेळगाव स्टेशनवरून रिक्षाने कपिलेश्वर उड्डाणपूल ओलांडला की शहापूर लागतं. नाथ पै सर्कल मागे पडलं की गल्ल्या अरुंद होतात आणि यंत्रमागांचा खटखटाट कानावर यायला लागतो. हे वडगाव. विणकरांचं आणि शेतकऱ्यांचं. महापालिकेत जाऊनही इथलं वागणं गावाचंच राहिलं आहे. आषाढात मंगाई देवीची यात्रा भरते, तेव्हा सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. मीही त्याच सुमारास गेले होते आणि एका सकाळी भाचीला सोडायला तिच्या सरकारी मराठी हायस्कुलात गेले.

फाटकाला कडी, आत आलेल्याचं नाव लिहायला वही, व्हरांड्यात एक कॅमेरा. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट 2024 मध्ये महाराष्ट्राने शाळांत सीसीटीव्हीची सक्ती केली. त्याची चर्चा सीमेच्या अलीकडेही झाली होती. मी कॅमेऱ्याकडे बघतेय हे पाहून मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "तो झालेलं दाखवतोय हो. होऊ नये म्हणून माणूसच लागतंय की."

त्यांना जास्त काळजी होती ती छपराची. बेळगाव-खानापूरकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. जुलैत जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी देतात, त्यामागे भरलेले नाले आणि जुन्या इमारती ही दोन्ही कारणं असतात. ऑगस्ट 2019 च्या पुरात तर सगळा जिल्हाच ठप्प झाला होता. जुलै 2025 मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी सरकारी शाळेचं छप्पर कोसळून सात मुलं गेली. त्यानंतर केंद्राने देशभरातल्या शाळांची सुरक्षा तपासणी करायला सांगितलं. बाईंच्या शाळेत गळकी खोली बंद करून दोन तुकड्या एकत्र बसवल्या होत्या. दाटी झाली होती, पण डोक्यावर भक्कम स्लॅब होता.

आगीचंही तसंच. 16 जुलै 2004 ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या एका शाळेत स्वयंपाकघरातली आग गवताच्या छपराला लागली आणि 94 मुलं दगावली. त्यावरून सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये प्रत्येक शाळेत अग्निशामक उपकरणं आणि शिक्षकांना प्रशिक्षण बंधनकारक केलं. इथे लाल सिलिंडर भिंतीवर होता आणि तो कसा चालवायचा हे दहावीच्या दोन मुलींना येत होतं. मला तेच जास्त मोलाचं वाटलं.

मग नजर सूचनांच्या फलकाकडे गेली. आग लागली तर कुठून बाहेर पडायचं, कोणी त्रास दिला तर 1098 या मोफत क्रमांकावर फोन करायचा, अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही. मजकूर चांगला होता, पण सगळा कन्नडमध्ये. हायस्कूलच्या मुलांना कन्नड वाचता येतं, पहिलीपासून शिकतात ती. अडचण आयांची. वडगावातल्या कितीतरी सुना चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडून आलेल्या. त्यांच्या शाळेत कन्नड नव्हतंच. फलकासमोर उभी असलेली एक आई मला म्हणाली, "आकडा कळतोय वैनी, पण तो कशाचा ते आमच्या पोरीलाच विचारायला लागतंय." ज्या गोष्टीबद्दल मुलगी घरी बोलायला बिचकते, तिचाच फोन नंबर आईने मुलीकडून समजून घ्यायचा!

यात भाषेचं भांडण नव्हतं. फलकाचं काम सांगण्याचं आहे, आणि घरातल्या मोठ्या माणसांना कळलं नाही तर ते अर्धंच होतं. शाळा सुधारणा समितीच्या बैठकीत एका विणकर पालकाने हा विषय काढला. कन्नड शिकवणाऱ्या सरांनीच पहिली मान डोलावली. कन्नड मजकूर तसाच ठेवून खाली मराठी लिहायचं ठरलं. रंग आणि ब्रश पालकांनी आणला आणि अक्षर काढलं नववीच्या मुलांनी.

यंदा सुट्टीत गावी जाल तेव्हा आपल्या गल्लीतल्या सरकारी शाळेत जरूर डोकवा. छप्पर बघा, मागचं दार उघडतंय का बघा, आणि फलक वाचा. शेजारी आजी किंवा काकू असेल तर तिलाही वाचायला सांगा. तिला तो अडखळत वाचावा लागला, तर मुख्याध्यापकांना तेवढं नक्की सांगा. हाताशी रंगाचा डबा असेल तर फारच छान.