देडतलाई ते शिरोडा: एका बाळाचा प्रवास

देडतलाई हे गाव नकाशात शोधण्यासाठी मला लग्न करावं लागलं. मध्य प्रदेशातला बुऱ्हाणपूर जिल्हा, त्यातला खकनार तालुका, आणि त्याच्या एका टोकाला हे गाव. पलीकडे लगेच अमरावती जिल्ह्यातलं धारणी आणि मेळघाटाचं जंगल. बाजारात कोरकू, निमाडी, हिंदी आणि मराठी अशा चार भाषा एकाच वेळी ऐकू येतात. आपल्याकडे भाषेवरून एवढी भांडणं झाली, तिथे माणसं एका वाक्यात दोन भाषा बदलतात आणि कुणाला काही वाटत नाही. असो. माझे सासरे नेपानगरच्या वृत्तपत्री कागदाच्या कारखान्यातून निवृत्त होऊन तिथे शेती करतात. मी सरकारी कचेरीतला अपर डिव्हिजन क्लार्क, बी.ए. मराठी. लग्न बेचाळिसाव्या वर्षी झालं आणि बाप पंचेचाळिसाव्या वर्षी झालो. हे शेवटचं सांगायचं कारण असं, की उशिरा झालेला बाप जरा जास्त भित्रा असतो.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सौ. ऑक्टोबर २०२३ मध्ये देडतलाईला गेली. बुऱ्हाणपूर म्हटलं की इतिहास वाचलेल्या माणसाला मुमताज महल आठवते. १६३१ साली ती याच शहरात चौदाव्या बाळंतपणात गेली. ताजमहाल नंतरचा. आधी तिला तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत पुरलं होतं. तिची ती मुलगी, गौहरआरा, मात्र जगली आणि पुढे म्हातारी होऊन गेली. हे सगळं मला फार तपशीलवार ठाऊक होतं आणि त्या दोन महिन्यांत ते ठाऊक नसतं तर बरं झालं असतं असं वाटायचं. सौ.चं वय अडतीस. पण सगळं नीट पार पडलं. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सरकारी रुग्णालयात मुलगी झाली. २०११ पासून सरकारची एक योजना आहे, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम. तिच्यात बाळंतिणीला घरून दवाखान्यात नेणं आणि बाळासह परत घरी सोडणं फुकट आहे. कारकुनाला योजनांची नावं पाठ असतात, पण आपल्या घरचं माणूस तिचा लाभार्थी झालं की त्या नावाचा अर्थ कळतो.

खरा प्रश्न पुढे होता. सव्वा महिना झाल्यावर जानेवारीत मुलीला गोव्याला आणायचं होतं. देडतलाईहून बुऱ्हाणपूर, तिथून इच्छापूर, मुक्ताईनगर करत भुसावळ, भुसावळहून मंगला एक्स्प्रेसने मडगाव आणि मडगावहून बोरीच्या पुलावरून शिरोडा. दीड महिन्याचं, चार किलोचं बाळ. न्यायचं कसं?

हा प्रश्न फक्त मलाच पडला होता. बाकी सगळ्यांकडे एकच उत्तर होतं, मांडी. सासूबाई म्हणाल्या, "दुपट्यात गुंडाळायचं आणि मांडीवर घ्यायचं, जावईबापू, त्यात काय विचारायचं?" फोनवर आई म्हणाली, "तिका मांडयेर घे. तुका हांवें अशेंच हाडलो." मला तिने १९७९ साली डिचोलीहून, म्हणजे तिच्या माहेराहून, कार्रेरातून मांडीवर आणलं होतं. मेहुणा तर त्याच्याही पुढचा. "जिजाजी, बुऱ्हाणपूरपर्यंत मोटारसायकलवर सोडतो. ताई मागे बसेल बाळाला घेऊन. गाडीचं भाडं कशाला?" त्याला हसण्यात अर्थ नाही. आपल्या गोव्यात पायलटच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आणि कुशीत तान्हं घेतलेली बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्यात काही वावगं आहे असं मला तरी चाळीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

मग मी कचेरीतल्या सवयीप्रमाणे नियम काढून वाचले. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा मुलांसाठीचं खास आसन न लावता मोटारीतून नेलं तर हजार रुपये दंड. फेब्रुवारी २०२२ मध्ये दुचाकीचे नियम निघाले आणि वर्षाने लागू झाले. चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट हवं आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. म्हणजे नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाच्या डोक्यासाठी कायद्याकडेही टोपी नाही. मेहुण्याला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "इथे कोण विचारतो?" खरंच होतं. कुणीच विचारत नाही.

मी कलाशाखेचा माणूस, आकड्यांना घाबरतो. म्हणून आमच्याच इमारतीतल्या एका ज्युनियर इंजिनिअरला विचारलं, की मांडीवरचं बाळ खरंच धरून ठेवता येत नाही का? त्याने जुन्या परिपत्रकाच्या पाठीवर हिशेब करून दिला. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कशावर तरी आपटून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर त्या क्षणी बाळाला रोखायला त्याच्या वजनाच्या साधारण वीसपट जोर लागतो. चार किलोचं बाळ त्या क्षणी ऐंशी किलोचं होतं. "तांदळाची एक गोण हातावर झेलता येईल का वहिनींना?" त्याने विचारलं. तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे.

मी ऑनलाइन एक कार सीट मागवली. तान्ह्या बाळांची टोपलीसारखी असते ती, वर धरायला दांडी असलेली. साडेसात हजार रुपये. ती घेताना ज्या गोष्टी कळल्या त्या सांगतो, कारण मला कुणीच सांगितल्या नव्हत्या. ही सीट गाडीच्या मागच्या बाकावर बसवायची आणि बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे करायचं. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने फार मोठं आणि मान कच्ची. तोंड उलटं असलं की धक्का मान घेत नाही, सीटची अख्खी पाठ घेते. पुढच्या सीटवर एअरबॅग असेल तर तिथे अशी उलटी सीट कधीच लावायची नाही, कारण एअरबॅग उघडली तर ती सीटवरच आपटते. खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून यावेत, आणि पट्टा चिमटीत धरता आला तर तो सैल आहे असं समजावं. गोधडी पट्ट्यांच्या आत नाही, वरून. अपघातात सापडलेली जुनी सीट कुणी फुकट दिली तरी घेऊ नये. आणि ही सीट म्हणजे पाळणा नव्हे. तीत बाळ फार वेळ झोपलं तर हनुवटी छातीवर पडून श्वास अडू शकतो. मोठ्या बाळालाही दोन तासांवर ठेवू नये, तान्ह्याला त्याहून कमी.

ती टोपली घेऊन मी देडतलाईला उतरलो तेव्हा अंगणात दहाबारा माणसं जमली. सासरे म्हणाले, "वसुदेव आला!" सगळे हसले, मीही हसलो. पण वसुदेवही पायीच गेला होता, हे मला रात्री सुचलं. आपल्या सगळ्या जुन्या पद्धती चालणाऱ्या माणसाच्या आहेत. बाजाराच्या दिवशी देडतलाईत कोरकू बाया पाठीशी लुगड्याची झोळी करून त्यात मूल घेऊन येतात. मूल गाढ झोपलेलं असतं, बाईचे दोन्ही हात मोकळे. कडेवर किंवा पाठीवर पाय फाकवून बसलेल्या मुलाच्या खुब्याचे सांधे चांगले घडतात, उलट पाय सरळ घट्ट बांधून ठेवायची रीत जिथे आहे तिथे ते निखळण्याचं प्रमाण जास्त, असं डॉक्टरही सांगतात. त्या झोळीत काही चूक नाही. फक्त तोंड झाकलेलं नको आणि हनुवटी छातीला टेकलेली नको. झोळी चालण्याच्या वेगासाठी आहे, आणि आपण त्याच झोळीसकट, त्याच मांडीसकट ताशी ऐंशीच्या गाडीत जाऊन बसलो. (झाशीच्या राणीच्या पुतळ्यांत पाठीला बांधलेलं मूल तान्हं दाखवतात. खरे दामोदरराव तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होते. घोड्यावरून तान्हं मूल न्यायचा दाखला म्हणून मेहुण्याने तोच पुतळा काढला होता, म्हणून हे सांगितलं.)

निघायच्या सकाळी भाड्याची गाडी दारात आली. मी सीट बांधायला गेलो तर मागच्या बाकाला बेल्टच नाही! म्हणजे होते, पण अडकवायची कुलपं सीटकव्हरखाली गाडून टाकलेली. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, पीछे का बेल्ट कौन लगाता है?" अर्धा तास लागला. मी आणि तो दोघांनी मिळून कव्हरची शिवण उसवली, एक कुलूप वर काढलं, बेल्ट धूळ झटकून ओढला. मुहूर्त टळतोय म्हणून सासूबाई दारात दह्याची वाटी घेऊन उभ्या. शेजारचे लोक बघताहेत. मला त्या क्षणी खरोखर वाटलं, की सोड, घे मांडीवर, एवढं जग येतं-जातं. पाकिटातला कागद आठवला म्हणून उसवत राहिलो.

मुलीला सीटमध्ये ठेवलं, पट्टे आवळले. पाऊण तासाने ती रडायला लागली. तान्ह्याचं रडणं बंद गाडीत किती मोठं असतं हे ज्याने ऐकलंय त्यालाच ठाऊक. सौ. म्हणाली, "घेते मी तिला." मी नाही म्हटलं. गाडी थांबवू, मग घे. "ती रडतेय आणि तुम्ही पट्ट्यांचं काय घेऊन बसलाय?" असं म्हणून ती स्वतः रडायला लागली. दीड महिन्याची बाळंतीण, माहेर मागे सुटलेलं, आणि बाजूला बसलेला नवरा नियम सांगतोय. मी फार वाईट दिसलो असणार. ड्रायव्हरनेच न सांगता एका चिंचेखाली गाडी उभी केली. तिने मुलीला घेतलं, पाजलं, वीस मिनिटं आम्ही तिथे बसलो. ड्रायव्हरने दूर जाऊन विडी ओढली. मग पुन्हा सीट, पुन्हा रडणं, मग झोप. असं भुसावळपर्यंत चार वेळा. इच्छापूरला देवीला खालूनच हात जोडले. दोन-अडीच तास वाढले.

आगगाडीत वेगळंच. तिथे पट्टा नाही, बांधायचं काही नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, म्हणजे बर्थही नाही. रेल्वेने मे २०२२ मध्ये लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडून बाळासाठी छोटा घडीचा बर्थ प्रयोग म्हणून लावला होता. आमच्या डब्यात तसलं काही नव्हतं. नशिबाने खालचा बर्थ मिळाला होता. भिंतीच्या बाजूला मुलगी, मग सौ., आणि बाहेरच्या काठाशी मी टोपलीवर पाय टेकून बसलेला. रत्नागिरी गेल्यावर मला बसल्या बसल्या डुलकी लागली.

वाटेत काहीही झालं नाही. कुणी ब्रेक करकचून मारला नाही, काही आपटलं नाही. त्यामुळे शिरोड्याला घरी पोचल्यावर, आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि टोपलीकडे बघून तिने जे विचारलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मांडीवर आणली असती तरी पोचली असतीच की. असतीच, आई.

आता एक कबुली. फेब्रुवारीत दहा आठवड्यांची लस होती. आरोग्य केंद्र घरापासून दोन किलोमीटर. चुलतभाऊ गाडी घेऊन येणार होता, तो आला नाही. रिक्षा मिळेना. वेळ अकराची, साडेदहा वाजून गेलेले. मी स्कूटर काढली. सौ. काही बोलली नाही, दुपट्यात मुलीला घेऊन मागे बसली. चिंचेखाली तिने मला काय म्हटलं होतं आणि मी तिला काय म्हटलं होतं ते दोघांनाही आठवत होतं. ताशी वीसच्या वेगाने गेलो. उतारावर रस्ता खणलेला होता, तिथे पुढचं चाक किंचित घसरलं. पडलो नाही. फक्त पाय टेकला. सौ.चा एक हात माझ्या खांद्यावर इतका जोरात रुतला, की दुसरा हात एकटाच बाळाला धरून होता हे मला त्यावरूनच कळलं.

लस झाली. कार्डावर नोंद झाली. बाहेर आल्यावर मी स्कूटरला किल्ली लावली तर सौ. म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे." तिने पिशवीतून सासूबाईंनी दिलेलं जुनं सुती लुगडं काढलं, देडतलाईच्या बाजारात पाहिलेली तशी झोळी बांधायचा प्रयत्न केला. पाठीवर जमेना, मान अजून धरत नव्हती ना, म्हणून छातीशी बांधली. मुलीचं तोंड वर, मोकळं. मी गाठ दोनदा ओढून बघितली. मग ती पुढे चालत निघाली, आणि मी स्कूटर बंद करून, हातांनी ढकलत तिच्या मागून. दोन किलोमीटर, भर उन्हात. बोरीकडून येणारे ओळखीचे लोक थांबून विचारत होते, पेट्रोल संपलं काय?