उद्या लवकर येतो

कॉफीवाल्याचा फोन आला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. “अम्मा, तुमचा तंबी इथं बसलाय. नऊपासून बसलाय. घरी जा म्हटलं तर ऐकत नाही.” मी म्हटलं, तो तर व्हॅननं सेंटरला गेलाय. हॉर्न वाजून व्हॅन गेल्याचं मी स्वतः ऐकलं होतं, न्हाणीघरातून.

रिक्षा करून धावले. मेल वीदीच्या मागच्या गल्लीतलं ते जुनं घर, दाराला कुलूप, आणि बाहेरच्या ओट्यावर, इथं त्याला तिण्णै म्हणतात, माझा भाऊ. वय 44. मांडीवर डबा, पाय जुळवलेले, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. मला बघून रडला नाही, चिडला नाही. म्हणाला, “बंद आहे. उशीर झाला, ताई. उद्या लवकर येतो.”

सेंटर हलवून चार दिवस झाले होते. तीन दिवस तो व्हॅनमध्ये बसून नव्या जागी जाऊनही आला होता. पण त्याच्या मनात ते कुठलंतरी दुसरंच ठिकाण होतं. त्याचं सेंटर इथंच होतं, आणि ते बंद असेल तर त्यात चूक त्याचीच असणार. त्याच्या त्या वाक्यानं माझ्या पोटात जो खड्डा पडला तो अजून भरलेला नाही.

आम्ही मूळचे मिरजेचे. यजमानांच्या नोकरीमुळे तंजावरला आलो, बाबा गेल्यावर आई आणि तो आमच्याकडे आले, 2019 साली आईही गेली. तेव्हापासून कायद्यानंही मीच त्याची पालक. नॅशनल ट्रस्टचा अर्ज, कलेक्टरांची समिती, ते सगळं ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना सांगायला नको. शाळेचं वय संपल्यावर पुढे काय, हा प्रश्नही त्यांना सांगायला नको. आमच्यासाठी त्याचं उत्तर होतं हे सेंटर, मोठ्या वयाच्या दिव्यांगांसाठीचं. 22 जण, सकाळी साडेनऊ ते साडेतीन. कागदी पाकिटं करायची, फिनाईल भरायचं, मिळून जेवायचं.

जुनं घर सोडावं लागणार होतं, हे मला मान्य आहे. मधे चौक, वर जायला लाकडी जिना, आत-बाहेर करायला एकच दार आणि त्या दाराला लागूनच स्वयंपाकाचा सिलिंडर. कुंभकोणम इथून चाळीसेक किलोमीटरवर आहे. 16 जुलै 2004 रोजी तिथल्या शाळेत गवती छपरानं पेट घेतला आणि 94 मुलं गेली. त्याआधी 2001 साली एरवाडीच्या आगीत 28 मनोरुग्ण गेले. साखळ्यांनी बांधलेले होते, पळता आलं नाही. हे माहीत असताना त्या लाकडी जिन्याची बाजू कोण घेणार? मीही घेतली नाही. मी पालक समितीत आहे. हलवायच्या ठरावावर माझी सही आहे.

गावातच दुसरं घर मिळावं म्हणून आम्ही खूप फिरलो. एका ठिकाणी बोलणी पक्की झाली, ॲडव्हान्स दिला. आठवड्यानं मालकांनी बोलावून घेतलं. ॲडव्हान्सचं पाकीट टेबलावर ठेवलं, हात जोडले. म्हणाले, “लहान मुलं असती तर मी नाही म्हटलं नसतं. ही मोठी माणसं आहेत. गल्लीत बायका-मुली आहेत.” पहिल्या भेटीत हेच गृहस्थ आमच्या लोकांना ‘कुळंदैगळ’ म्हणाले होते, म्हणजे लेकरं. आमच्याबरोबर सेंटरमधली एक पन्नाशीची बाई आली होती. नवं घर बघायला म्हणून केसांत मोगरा माळून आलेली. ती मालकांना विचारत होती, पाण्याचा नळ कुठं आहे, भांडी मी घासते. मालक तिच्याकडे बघत नव्हते. आम्ही पाकीट उचललं. देणगीच्या वेळी लेकरं आणि घर द्यायच्या वेळी मोठी माणसं, हे मी आयुष्यभर ऐकत आले आहे, पण त्या दिवशी ते त्या बाईच्या समोर ऐकलं.

शेवटी गावाबाहेर, वल्लमच्या वाटेवर जागा मिळाली. चांगली आहे. खरंच चांगली आहे. रॅम्प आहे, संडासात धरायला दांडे आहेत, दोन मोठी दारं, अंगणात कडुनिंब. पालक खूश झाले. दारात व्हॅन येणार म्हणून तर जास्तच.

पण भावाचा रस्ता गेला.

हा रस्ता काय होता ते सांगते. तेर्कु वीदीजवळच्या आमच्या घरापासून सेंटरपर्यंत पायी अकरा-बारा मिनिटं. हे अंतर एकट्यानं चालायला त्याला 14 महिने लागले. सेंटरच्या शिक्षिकेनं ते शेवटाकडून शिकवलं. पहिल्यांदा पूर्ण रस्ता त्याच्याबरोबर चालून दारापाशी फक्त वीस पावलं त्याला एकट्याला सोडायचं. ते जमलं की कॉफीच्या दुकानापासून. मग फुलवालीपासून. म्हणजे रोज शेवट त्याचा स्वतःचा, रोज पोचण्याचा आनंद त्याचा. सगळ्यात अवघड होता तो तेर्कु वीदी आणि मेल वीदी मिळतात तो कोपरा. 2015 साली मोठ्या देवळाचा रथ सुमारे शंभर वर्षांनी पुन्हा या वीथींतून निघाला, तेव्हा आईनं त्याला याच कोपऱ्यावर उभं करून रथ वळताना दाखवला होता. तेव्हापासून त्याच्या भाषेत तो ‘रथाचा कोपरा’. तिथं डबा डाव्या हातात घ्यायचा, उजवा हात वर करायचा, आणि मोठ्यानं म्हणायचं: थांब, बघ, जा. पहिल्या पावसाळ्यात आम्ही दोन महिने तिथंच अडकलो होतो. हात वर करायचा आणि तसाच उभा राहायचा. गाड्या थांबायच्या, तो हलायचा नाही. एके दिवशी फुलवालीनं बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं, “पो, तंबी, पो!”, म्हणजे जा, आणि तो गेला. मी शंभर पावलं मागे लपून चालत होते. रस्त्यातच रडले.

पुढे त्याला त्या रस्त्यावर काम होतं. औषधांच्या दुकानात पाकिटांचा गठ्ठा द्यायचा, कॉफीवाल्याचे रिकामे पेले आत नेऊन द्यायचे. कॉफीवाला त्याला नावानं हाक मारी. मिरजेत 30 वर्षं राहून आमच्या गल्लीबाहेर कुणी त्याला नावानं ओळखत नव्हतं.

सेंटर एका दिवसात हललं. टेम्पोच्या तीन खेपा झाल्या, कत्तिरीच्या, म्हणजे मे महिन्यातल्या कडक उन्हात. त्याआधी, ठरावाच्या सभेला, आम्ही पालक जुन्या घराच्या चौकात बसलो होतो आणि शेजारच्या खोलीत ते 22 जण पाकिटं चिकटवत होते. दार उघडं होतं. त्यांना आत बोलवावं असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. समाजात राहण्याचा हक्क दिव्यांगांच्या 2016च्या कायद्यात लिहिलेला आहे, मी तो सभांमधून वाचून दाखवलेला आहे.

असं सेंटर हलवायची पाळी कुणावर आली तर एवढं करा. आधी त्यांना जागा दाखवा, एकदा नाही, पाच-सहा वेळा. ज्याची खुर्ची त्यानंच उचलून न्यावी. जुन्या घराला कुलूप लावताना ते हजर असावेत, किल्ली त्यांच्यापैकी कुणाच्या हातात असावी. दार आपण बंद करतोय, हे त्यांना दिसलं पाहिजे. नाहीतर ते उशीर झाला म्हणून बसून राहतील.

मी सेंटरला म्हटलं, व्हॅन नको, त्याला बसनं येऊ दे. दिव्यांगांना आणि सोबत्याला टाऊन बस इथं फुकट आहे. मी महिनाभर सोबत येईन, मग स्टॉपपासूनची शेवटची वीस पावलं त्याला सोडून देऊ, पहिल्यासारखी. त्यांनी कुरकुर केली नाही. म्हणाले, पालक म्हणून तुम्ही लेखी द्या. छापील कागद दिला.

त्या स्टॉपवर उतरलं की समोर तिरुच्चीचा महामार्ग. मी दोनदा जाऊन उभी राहिले. लॉरी गेली की पायाखालची जमीन थरथरते. तिथं कॉफीचं दुकान नाही, फुलवाली नाही, “पो” म्हणायला कुणी नाही. आणि हेही लिहिते: व्हॅन सुरू झाल्यापासून मला रात्री शांत झोप लागते. त्या 14 महिन्यांत आणि नंतरही लागत नव्हती.

कागद कपाटात आहे, आईच्या साड्यांखाली. तीन आठवडे झाले. मागच्या दाराला मी आता सकाळी कडी लावते. काल बघितलं, त्यानं चपला पुढच्या दारातून उचलून मागच्या दाराशी नेऊन ठेवल्या होत्या, शेजारी शेजारी, टाचा भिंतीला लावून.