परसातलं घर

तलाकनंतर आपा दोन मुलांसह माहेरी आली. परसात तिच्यासाठी दोन खोल्या बांधायचं आम्ही भावांनी ठरवलं. आपल्याच जागेत परवानगी कसली, असं वाटलं. नगरपालिकेत कळलं, १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार परवानगी हवीच. चटईक्षेत्र शिल्लक हवं, हद्दीपासून अंतर सोडायला हवं. नाहीतर कलम ५३ ची नोटीस. अंतर सोडताना एक खोली गेली. आम्ही नियमांना दोष देत राहिलो.

मग अर्जाला मिळकतपत्रिका जोडली. तिच्यावर फक्त आम्हा भावांची नावं! अब्बांच्या इंतकालानंतर आपाची हक्कसोडपत्रावर सही आम्हीच घेतली होती. शरीअतनं दिलेला तिचा हिस्सा घेऊन आम्ही खोली देण्याचा सवाब मिरवत होतो. आता आधी आपाचं नाव लावायचं, मगच पाया खोदायचा.